पंचनाम्याच्या आधी

खान्देशाला समुद्रकिनारा नाही, त्यामुळे चक्रीवादळ ही कोकणाची, ओडिशाची किंवा फार तर सुरतेत स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांची काळजी, असे आपण धरून चालतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागजवळ धडकले आणि १७ मे २०२१ च्या रात्री ‘तौक्ते’ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढले, तेव्हा जळगाव-धुळ्यातल्या बहुतेकांनी ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच पाहिले. तरीही आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आटोपल्यापासून मृग लागेपर्यंतच्या दिवसांत रावेर, यावल, चोपडा किंवा मुक्ताईनगर तालुक्यातल्या कोणत्याही केळी उत्पादकाशी बोलायला बसा, पाच मिनिटांत बोलणे वाऱ्यावर येते. दिवसभर ४४-४५ अंशांनी तापलेली जमीन, दुपार कलल्यावर चढू लागलेले काळे ढग आणि मग पंधरा-वीस मिनिटांचा सोसाट्याचा वारा, असे आमच्याकडचे वादळ असते. त्याला कोणी नाव देत नाही. ते येऊन गेल्यावर एका शिवारातली बाग जशीच्या तशी उभी आणि दोन बांध पलीकडची पूर्ण आडवी, असे चित्र दिसते.

केळीइतके वाऱ्याला घाबरणारे दुसरे नगदी पीक आमच्या भागात नाही. आपण ज्याला केळीचे खोड म्हणतो, ती खरे तर एकमेकांवर गुंडाळलेल्या पानांच्या देठांची पाण्याने भरलेली गुंडाळी असते. मुळे उथळ असतात, पाने शिडासारखी रुंद असतात, आणि वर एका बाजूला वीस-पंचवीस किलोचा घड लटकलेला असतो. त्यात मृगबागेचे गणित असे की, जून-जुलैत लावलेली केळी पुढच्या मे-जूनच्या सुमारास भरलेल्या घडांनी वाकलेली असते, म्हणजे वर्षभराचा सगळा खर्च करून झालेला, व्यापाऱ्याशी बोलणे सुरू झालेले आणि पैसे मात्र अजून हातात आलेले नाहीत, नेमक्या त्याच पंधरवड्यात वारा येतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात ताशी शंभर मैल वेगाच्या वाऱ्याने छपरे उडतात, आमच्याकडे त्याच्या निम्म्या वेगातही बाग झोपते. नुकसान ज्याचे होते त्याच्या दृष्टीने दोन्हींतला फरक हवामानशास्त्रापुरताच उरतो.

वारा थांबल्यावर गावात जो पहिला प्रश्न विचारला जातो, तो गेल्या दोन पिढ्यांत बदललेला नाही: पंचनामा कधी? तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे मिळून बांधावर येतात, आडव्या झालेल्या झाडांचा अंदाज घेतात, सही-अंगठा होतो आणि कागद तहसीलला जातो. त्याच वेळी पारावर एक जुना वाद नव्याने सुरू होतो. एखादे नाना म्हणतात की, आमच्या काळात कोणी द्यायला येत नव्हते, माणूस आपल्या बागेची काळजी आपणच घेत असे, आताच्या पोरांना भरपाईची सवय लागली आहे. त्यावर एखादा तरुण भाऊ उसळून विचारतो की, खतावर, डिझेलवर, ठिबकच्या नळ्यांवर कर आम्ही भरायचा आणि बाग पडली की ‘तुझी तूच काळजी घ्यायला हवी होती’ हेही आम्हीच ऐकायचे का. दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात असे म्हणून हा वाद मिटवणे सोपे आहे, आणि मीही अनेकदा तसे करून घरी परतलो आहे. अलीकडे मात्र मला वाटू लागले आहे की, हा वाद स्वभावाचा किंवा पिढीचा नाहीच. मदत कशी मोजली जाते यातून तो जन्माला येतो.

२०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे जे निकष ठरवले, त्यांनुसार पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच मदत मिळते. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. महाराष्ट्राने मधल्या काळात स्वतःच्या तिजोरीतून भर घालून दर आणि मर्यादा वाढवल्या आणि पुढे त्या पुन्हा खालीही आणल्या, परंतु ३३ टक्क्यांचा उंबरठा कायम राहिला. आता शेजारी-शेजारी असलेल्या दोन बागांची कल्पना करा. एकाने गेल्या पावसाळ्यात पश्चिमेच्या बांधाला शेवरी आणि गजराज गवताची दाट ओळ लावली, घड बाहेर पडल्यावर झाडांना बांबूचे टेकू दिले, समोरासमोरच्या झाडांना पट्टीने बांधून घेतले. दुसऱ्याने यांपैकी काहीच केले नाही. वारा दोघांवर सारखाच आला. पहिल्याची पाव बाग पडली, दुसऱ्याची निम्म्याहून अधिक. पहिला खर्च करून बसला आणि पंचनाम्यात अपात्र ठरला, दुसऱ्याने खर्च वाचवला आणि यादीत त्याचे नाव आले. या व्यवस्थेने कोणालाही आळशी व्हा असे सांगितलेले नाही, पण तयारी करणाऱ्याच्या पदरात तिने काही टाकलेलेही नाही.

एवढ्यावरून नाना जिंकले असे मात्र समजू नये, कारण दुसऱ्या शेतकऱ्याने टेकू का दिले नाहीत, याचाही हिशेब मांडायला हवा. दीड बाय दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. झाडागणिक एकच बांबू धरला तरी साडेचार हजार बांबू, त्यांची वाहतूक, ते रोवायला मजूर आणि काढणीनंतर ते उपटून रचून ठेवायची जागा, हे सारे आले. ज्याने रोपे, खत आणि ठिबक यांवरच सोसायटीचे कर्ज संपवले आहे, त्याच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये एवढी रक्कम मोकळी नसते. तो दरवर्षी मनाशी एक पैज लावतो की यंदा वारा दुसऱ्या शिवारातून जाईल, आणि बहुतेक वर्षी ती पैज जिंकतोही. त्याला बेजबाबदार म्हणणे मला जमत नाही. उलट, सर्वांत वरचा म्हणजे बहुवार्षिक पिकाचा दर धरून २२,५०० रुपयांना त्याच ४,४४४ झाडांनी भागले, तर झाडामागे पाच रुपये येतात. मदतीवर विसंबून बाग वाऱ्यावर सोडणारा शेतकरी पाच रुपयांसाठी वर्षाचे पीक पणाला लावतो, असे मानणाऱ्याने केळी कधी केली नसावी.

मधला मार्ग म्हणून विमा आला. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी थंडी, उष्णता, गारपीट यांच्याबरोबर वेगवान वाऱ्याचाही समावेश आहे. वाऱ्याचा वेग ताशी ४० किलोमीटर किंवा त्याहून अधिक असायला हवा आणि नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यायला हवी. शेतकऱ्याने आधी हप्ता भरायचा आणि शासनाने त्यात आपला मोठा वाटा घालायचा, ही रचना मला तत्त्वतः आवडते, कारण यात जबाबदारी आणि मदत या दोन गोष्टी एकाच कागदावर येतात. अडचण मोजमापाची आहे. वेग मोजणारे यंत्र महसूल मंडळात एखाद्या ठिकाणी बसवलेले असते आणि आमचे वादळ मंडळाच्या हद्दी पाहून येत नाही. ते एका नाल्याच्या अंगाने घुसते, तीन गावे झोडपते आणि यंत्रापासून चार किलोमीटर अंतरावरून निघून जाते. मग ज्याची बाग पडली आहे त्याला वारा होता हेच सिद्ध करत फिरावे लागते. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने एका वर्षी मुदतीत खबर दिली, छायाचित्रे पाठवली, आणि नंतर कितीतरी महिने केवळ ‘आपला अर्ज प्रक्रियेत आहे’ एवढाच संदेश वाचला. त्या माणसाला पुढच्या वर्षी हप्ता भरण्यासाठी समजवायला मी गेलो होतो, तेव्हा माझ्याजवळ फारसे मुद्दे नव्हते.

आणखी एक बाब मला नेहमी खटकते. प्रतिसाद निधीतून मदत देण्यासाठी केंद्राने १२ आपत्तींची यादी केली आहे. तीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, थंडीची लाट आहे, परंतु एका तालुक्यातून वीस मिनिटांत निघून जाणारे मेघगर्जनेचे वादळ नाही. राज्यांना निधीतला १० टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरण्याची मुभा आहे आणि महाराष्ट्राने अवकाळी पाऊस, वीज पडणे अशा गोष्टी त्या वाटेने घेतल्याही आहेत. त्यामुळे आमच्याकडच्या पंचनाम्यात वारा बहुधा अवकाळी पावसाचा हात धरून येतो. पाऊस न पडता नुसताच वारा आला, तर कागद कसा लिहायचा याची चर्चा बांधावर उभ्या-उभ्या होते.

माझी पुतणी फ्लोरिडात टॅम्पाजवळ राहते. ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री ‘मिल्टन’ हे हरिकेन, म्हणजे तिकडचे चक्रीवादळ, टॅम्पाच्या दक्षिणेला सिएस्टा की येथे जमिनीवर आले, त्याच्या आदल्या दोन दिवसांत आमचे फोन सतत चालू होते. तिचे बोलणे ऐकून मला तिथल्या तयारीचे कौतुक वाटले, हे कबूल करायला हवे. किनाऱ्यालगतच्या वस्त्यांना पाण्याच्या धोक्यानुसार ए, बी, सी अशी अक्षरे दिलेली असतात आणि आपण कोणत्या अक्षरात राहतो हे शाळकरी मुलालाही माहीत असते. सरकारी सल्ला असा की, माणशी रोज एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास पाणी आणि काही दिवस टिकेल असे अन्न, औषधे, विजेऱ्या घरात असाव्यात. “काका, इथे पहिले काही दिवस कोणी येणार नाही असं धरूनच चालायचं असतं,” असे ती सहज म्हणाली. तिच्या शेजाऱ्याचे मत याहून कडक होते. ज्याने तयारी केली नाही, त्याला इतरांच्या करातून का पोसायचे, असा त्याचा सवाल होता. आमचे नाना हे ऐकून खूश झाले असते.

परंतु त्याच देशातली, त्याच हंगामातली, अवघ्या दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट या मताला पुरून उरते. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘हेलेन’ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आले आणि तिथून उत्तरेकडे सरकत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत जाऊन कोसळले. अ‍ॅशव्हिल हे तिथले शहर समुद्रापासून काहीशे किलोमीटर आत आहे, म्हणजे किनाऱ्याशी त्याचे नाते आपल्या भुसावळसारखेच. तिथल्या फारच थोड्या घरांना पूरविमा होता, कारण हरिकेन ही किनाऱ्यावरच्यांची काळजी, असे तेही धरून चालले होते. नद्या चढल्या, रस्ते आणि जलवाहिन्या वाहून गेल्या, आणि शहराच्या नळांना पिण्यायोग्य पाणी यायला जवळजवळ दोन महिने लागले. घरात तीन दिवसांचे पाणी भरून ठेवणारा आदर्श नागरिक आणि ते न भरणारा निष्काळजी नागरिक यांच्यात चौथ्या दिवसापासून काय फरक उरतो? पिंपात किती पाणी भरायचे हे माणसाच्या हाती असते, पण शहराची जलवाहिनी किती खोल गाडायची हे त्याच्या हाती नसते.

वैयक्तिक जबाबदारीची हद्द कुठे संपते हे आणखी स्पष्ट दाखवणारा दाखला १९९२ चा आहे. त्या वर्षी २४ ऑगस्टला ‘अँड्र्यू’ने मायामीच्या दक्षिणेकडचे होमस्टेड उद्ध्वस्त केले आणि साठ हजारांहून अधिक घरे जमीनदोस्त झाली. नंतरच्या तपासात असे दिसले की, बऱ्याच घरांची छपरे वाऱ्याच्या जोराइतकीच कामचुकारपणामुळे उडाली होती, कारण छताच्या फळ्या ज्या खिळ्यांनी कैच्यांना धरून ठेवायच्या, ते खिळे कैचीला लागलेच नव्हते. घर विकत घेणाऱ्या माणसाला छपराखालचा खिळा कसा दिसणार? तो कितीही दक्ष असला, त्याने घरात कितीही डबे भरून ठेवले, तरी तो खिळा तपासणे हे बांधकामावर देखरेख करणाऱ्या यंत्रणेचेच काम होते. फ्लोरिडाने पुढे संपूर्ण राज्यासाठी एकच कडक बांधकाम संहिता केली आणि ती २००२ पासून लागू झाली.

‘कतरिना’ची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यावर फार रेंगाळत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश वादळाच्या केवळ आदल्या दिवशी, २८ ऑगस्ट २००५ रोजी निघाला. शहरात लाखभर माणसांकडे स्वतःची गाडी नव्हती, आणि महिनाअखेर असल्याने पगारावर किंवा सरकारी धनादेशावर जगणाऱ्यांच्या हाती पैसे नव्हते. त्यांनी शहर का सोडले नाही, असा प्रश्न पुढे अनेकांनी रागाने विचारला. आमच्याकडच्या त्या साडेचार हजार बांबूंचा हिशेब ज्याने केला आहे, त्याला तो प्रश्न विचारण्याची गरज पडत नाही.

मग शासन आधीच खर्च का करत नाही? याचे उत्तर राजकारण्यांच्या नावाने बोटे मोडून मिळते असे मला पूर्वी वाटत असे. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या आकडेवारीवरून २००९ मध्ये दाखवून दिले की, आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्या सत्ताधाऱ्यांना मतदार मतांनी बक्षीस देतात, आणि आपत्तीपूर्वीच्या तयारीवर खर्च करणाऱ्यांना मात्र काहीच देत नाहीत. त्यांच्याच हिशेबानुसार तयारीवरचा एक डॉलर पुढचे सुमारे पंधरा डॉलरचे नुकसान वाचवतो. म्हणजे दोष आपल्यापर्यंत येऊन पोचतो. बाग पडल्यावर बांधावर उभे राहून छायाचित्र काढून घेणारा आमदार आपल्या लक्षात राहतो. गेल्या पावसाळ्यात शेवरीचे बियाणे वाटणारा कृषी अधिकारी आपल्याला आठवतसुद्धा नाही, कारण त्याच्यामुळे जे झाले नाही ते दिसत नाही. पंचनाम्याला उशीर झाला म्हणून तहसीलवर मोर्चा गेलेला मी पाहिला आहे, पण वारारोधक कुंपणासाठी अनुदान द्या म्हणून गेलेला मोर्चा माझ्या पाहण्यात नाही.

हे बदलता येते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळाने ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मारली. त्यानंतर त्या राज्याने आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र यंत्रणा उभी केली, किनाऱ्यावर शेकडो बहुउद्देशीय निवारे बांधले, गावागावांत स्वयंसेवक तयार केले आणि त्यांचा सराव घेतला. २०१३ च्या ‘फायलिन’ वादळाआधी तिथल्या सुमारे दहा लाख आणि मे २०१९ मधल्या ‘फनी’आधी बारा लाख लोकांना हलवण्यात आले, आणि मृतांची संख्या हजारांवरून दोन आकड्यांवर आली. यात नागरिकाने काय केले? भोंगा वाजल्यावर तो घर सोडून निघाला. ही लहान जबाबदारी नव्हे, कारण मागे राहिलेली गाय, पेटी आणि भांडी सोडून निघायला विश्वास लागतो. तो विश्वास शासनाने आधी निवारा बांधून आणि भोंगा वेळेवर वाजवून कमावला होता. मात्र त्याच ‘फनी’ने लाखो घरे पाडली आणि नारळीच्या बागा उखडल्या, हेही विसरता येत नाही. जीव वाचवण्याचे शास्त्र आपल्याला जमले आहे, मिळकत वाचवण्याचे अजून नाही, आणि खान्देशातल्या वाऱ्याचा प्रश्न मुख्यतः मिळकतीचा आहे.

मिळकतीत घरही आले. आमच्या भागातली जुनी घरे धाब्याची असत. लाकडी सरे, त्यांवर काड्या आणि त्यावर खाऱ्या मातीचा जाड थर, असे ते सपाट छप्पर होते. पावसाळ्यापूर्वी त्यावर दरवर्षी नवी माती टाकावी लागे, नाही तर गळायचे, पण त्या वजनदार छपराला वारा उचलू शकत नसे. लाकूड महागले, माती टाकणारे हात कमी झाले आणि घरांवर पत्रे आले. पत्रा गळत नाही, लवकर बसतो, स्वस्त पडतो, आणि पहिल्या सोसाट्यात उडतो. आखाजीच्या सुमारास वडील शिडी लावून प्रत्येक पत्र्याचा हूक हाताने हलवून पाहायचे आणि कडेच्या पत्र्यांवर दगड ठेवायचे. हूक घट्ट करणे ठीक, पण दगड ठेवणे हा उपाय शेजाऱ्यासाठी किती धोक्याचा असतो, हे पत्र्याबरोबर उडालेला दगड अंगणात पडल्यावरच कळते. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर तर कुडाच्या भिंती आणि हलकी छपरे आहेत, तिथे हूक तपासण्याचा सल्ला देणेही विचित्र वाटते. या बाबतीत सरकारी निकष वाचताना मी एका जागी थांबलो. सपाट प्रदेशात घर पूर्ण पडले तर प्रतिसाद निधीतून १,२०,००० रुपये मिळतात, आणि केंद्राच्या ग्रामीण घरकुल योजनेत पक्के घर बांधायची मूळ रक्कमही १,२०,००० रुपयेच आहे. ही रक्कम वादळाच्या आधी पोचली तर ती घर होते आणि त्या घरातला संसार भिजत नाही. वादळानंतर पोचली तर आधी ताडपत्री, भांडी, धान्य आणि उसनवारी यांत तिचे तुकडे पडतात.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने यातून काढलेली वाट मला सर्वांत व्यवहारी वाटते. तिथे घरमालकाने छप्पर वादळाला टिकेल अशा ठरावीक पद्धतीने बसवून घेतले, तर राज्याच्या योजनेतून त्याला दहा हजार डॉलरपर्यंत अनुदान मिळते. काम झाल्यावर तपासनीस येऊन प्रमाणपत्र देतो, आणि ते प्रमाणपत्र दाखवले की विमा कंपनीला हप्त्यात सूट द्यावीच लागते, कारण तसा कायदा आहे. अनुदानाचा पैसा विमा व्यवसायाकडून घेतलेल्या शुल्कातून येतो. म्हणजे मालक काम करून घेतो, राज्य ते तपासते, कंपनीचा धोका कमी होतो आणि त्या कमी झालेल्या धोक्यातला वाटा मालकाकडे परत येतो. यात कोणी कोणावर उपकार करत नाही.

आपल्याकडे असे काही करायला पैसा नाही, असे म्हणता येणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीकरिता १,६०,१५३ कोटी रुपये सुचवले आणि त्यातले २० टक्के केवळ आपत्ती निवारणासाठी, म्हणजे ती येण्याआधीच्या कामांसाठी वेगळे काढायला सांगितले. रोजगार हमीतून बांधावर झाडे लावण्याची तरतूद जुनीच आहे. जळगावात महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र आहे, आणि बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावा ही शिफारस कृषी खाते वर्षानुवर्षे करत आले आहे. नोंदीची सोयही झालेली आहे, कारण २०२१ च्या ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आता स्वतःच्या मोबाइलवरून, शेतात उभे राहून, छायाचित्रासह पिकाची नोंद करतो. पाहणीच्या त्याच पडद्यावर आणखी एक रकाना वाढवला की झाले: वारारोधक आहे का, टेकू दिले आहेत का, छायाचित्र जोडा. ज्याची ही नोंद असेल त्याला विम्याच्या हप्त्यात सूट मिळावी, आणि त्याच्यापुरता ३३ टक्क्यांचा उंबरठा खाली यावा, म्हणजे पाव बाग पडली तरी तो मदतीला पात्र ठरेल. ज्याला टेकूंचा खर्च झेपत नाही, त्याला तो निवारण निधीतून फेब्रुवारी-मार्चमध्येच मिळावा. असे झाले तर तयारी करणारा तोट्यात राहणार नाही, आणि तयारीची ऐपत नसलेल्याला पारावर कोणाचे ऐकून घ्यावे लागणार नाही.

हे मी गेल्या ग्रामसभेत ठरावाच्या रूपात मांडले. विरोध झाला नाही. एकाने शंका काढली की, लोक शेजाऱ्याच्या बांधाचे छायाचित्र जोडतील, त्यावर जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप येतात असे एका कॉलेजच्या मुलाने परस्पर सांगून टाकले. खरी अडचण मागच्या ओळीत बसलेल्या एका ताईंनी काढली. त्या आणि त्यांचे यजमान दुसऱ्याची तीन एकर जमीन बटाईने करतात. केळीला पाणी त्या देतात, टेकूंचे पैसे त्या घालतात, आणि सातबारा मालकाच्या नावावर आहे, मालक पुण्याला असतो. “नोंद त्यांच्या नावावर होईल, सूट त्यांना मिळेल, मदत त्यांच्या खात्यात जाईल, मग बांबू आम्ही कशाला रोवायचे?” असे त्यांनी विचारले. सभेत काही वेळ कोणी बोलले नाही, कारण गावातली बरीच केळी अशीच बटाईवर आहे आणि मालकही त्याच सभेत बसले होते. शेवटी ग्रामसेवकांनी लिहिलेल्या ठरावात एक वाक्य वाढवण्यात आले की, प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद मालकाच्या संमतीने वेगळी व्हावी आणि टेकूंचा निधी थेट त्याच्या खात्यात जमा व्हावा. दोन मालकांनी त्यावर सही करायला नकार दिला. ठराव बहुमताने तालुक्याला गेला आहे, आणि त्या दोघांशी बोलायला मी व ताईंचे यजमान येत्या रविवारी जाणार आहोत.